बंदरावरची धुरी

धुरी म्हणजे बंद जागेत धूर किंवा विषारी वायू कोंडून तिथली कीड, उंदीर आणि बुरशी मारणे. मराठीत हा शब्द मूळचा घरातला. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वेखंडाची धुरी द्यायची, तिन्हीसांजेला गोठ्यात कडुनिंबाचा ओला पाला पेटवून डास पळवायचे, पावसाळ्यात लहान मुलांच्या कपड्यांना ऊद दाखवायचा. गेल्या दीडशे वर्षांत याच शब्दाच्या पोटात गंधकाचा धूर, हायड्रोजन सायनाइड, मिथाइल ब्रोमाइड आणि फॉस्फिन येऊन बसले. यांतला गंधक तेवढा आपली वर्दी आपणच देतो. डोळे चुरचुरतात, छातीत ठसका बसतो आणि माणूस आपोआप दाराकडे धावतो. बाकीचे वायू दिसत नाहीत आणि त्यांच्या वासावर भरवसा ठेवता येत नाही. या विषांच्या इतिहासातले कितीतरी अपघात नाकाने सूचना न दिल्यामुळे झालेले आहेत.

रायगडच्या किनाऱ्याला धुरीची गरज का पडावी, हे आगरदांड्याकडे पाहिले की समजते. हे मुरूड तालुक्यातले राजपुरी खाडीच्या उत्तर काठावरचे गाव. समोरच्या काठावर श्रीवर्धन तालुक्यातले दिघी, आणि खाडीच्या तोंडाशी सिद्दीचा जंजिरा. जुन्या कागदपत्रांतून दंडा-राजपुरी या नावाने येणारे बंदर याच खाडीतले. आज आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि ही बाग हाच या पट्ट्याचा जुना पैसा. सुपारी, नारळ, भात आणि सुकी मासळी या चार जिनसांवर किनाऱ्याचा व्यापार चाले. चारही जिनसा टिकाऊ म्हणून बाजारात जातात, आणि चारही दमट हवेत किडीच्या तोंडी लागतात.

सुपारीचेच पाहावे. पिकलेली सुपारी उन्हात महिना-सव्वा महिना वाळवली की तिची असोली होते. मग ती सोलून पोत्यात भरतात. वाळवण नीट झाले नसेल, किंवा पोती पावसाळाभर ओलसर खोलीत राहिली, तर तिला भुंगा लागतो. जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर लांबीचा, तपकिरी, अंगावर फिकट ठिपके असलेला हा किडा कॉफी, कोको, सुंठ यांनाही सोडत नाही. त्याची अळी फळाच्या आतच वाढते. बाहेरून सुपारी साबूत दिसते. अडकित्त्यात धरून फोडली की आतून तपकिरी भुसा सांडतो. पूर्ण वाढलेला भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो, तोवर पोत्यातल्या शेजारच्या सुपाऱ्यांचाही निकाल लागलेला असतो. वरून पावडर मारून या किडीचे काही बिघडत नाही, कारण ती आत असते. फटीतून, सालीतून, दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचू शकेल असे एकच साधन माणसाला सापडले, ते म्हणजे वायू.

त्याआधीचे उपाय साधे होते आणि थोड्या धान्यापुरते पुरेसेही. शेणाने सारवलेल्या कणगीत भात ठेवायचे, बियाण्याचे भात पेंढ्याच्या मुड्यात घट्ट आवळून बांधायचे, कडधान्याला राख चोळायची, तांदळाला एरंडेल किंवा बोरिक पावडर लावायची, डब्यात कडुनिंबाचा पाला किंवा बिब्बे टाकायचे. अनेक घरांत पारद टिकड्या ठेवण्याची रीत अजून आहे. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या जिनसांना रोजचा धूर आपसूक मिळे. सोंडे झालेच तर धान्याला ऊन दाखवायचे. घरच्या दहा-वीस पायलीला हे चालते. शेकडो पोत्यांच्या गोदामाला किंवा भरलेल्या जहाजाला चालत नाही. विषारी वायूचा धंदा उभा राहिला तो गोदाम आणि जहाज यांच्याच आधाराने.

जहाजातला पहिला शत्रू कीड नव्हे, उंदीर. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. मांडवी ही गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती, शेजारीच दाणाबंदर. पोत्यांच्या थप्प्या, त्यांत उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा, आणि त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर दाटीने राहणारी माणसे. हा सांधा तेव्हा कोणाला उमगला नव्हता. लोकांना मात्र आधी उंदीर पडतात आणि मग माणसे पडतात, एवढे कळले होते. सरकारने घरांची कौले काढली, भिंती चुन्याने धुतल्या, गटारांत कार्बोलिक आम्ल ओतले, खोल्यांत गंधक जाळला. मुंबईतून लाखो माणसे पळाली. कोकणच्या बंदरांना लागणाऱ्या आगबोटी आणि गलबते तर चाकरमान्यांची नेहमीचीच वाट. पुढच्या तीसेक वर्षांत देशभरात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

पिसवेचा दुवा पक्का करण्यात मुंबईच्या ज्या संशोधकाचा मोठा वाटा होता, त्याच्याच हातून मुंबईत सायनाइडची धुरी रुजावी, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तिथे डॉ. ग्लेन लिस्टन यांनी १९०५ च्या सुमारास उंदरावरची पिसू माणसाकडे प्लेग कसा नेते याचे पुरावे गोळा केले. मग प्रश्न उरला तो जहाजातले उंदीर पिसवांसकट मारायचे कसे याचा. गंधक स्वस्त होता, पण त्याचा वायू मालाच्या थरांत खोल शिरत नसे, कापडाचा रंग उडवी, धातू काळे पाडी आणि धान्याची उगवण बिघडवी. लिस्टन हायड्रोजन सायनाइडकडे वळले. सोडियम सायनाइडवर आम्ल पडले की हा वायू सुटतो. तो यंत्रात तयार करून बंद जागेत सोडण्याची सोय त्यांनी केली, आणि १९२० च्या दशकात लिस्टनचे सायनाइड धुरीयंत्र म्हणून तिची माहिती वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. १९२६ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारानंतर समुद्रावर फिरणाऱ्या जहाजांना उंदीर नसल्याचे प्रमाणपत्र बाळगावे लागू लागले. बंदरावर धुरी देणे ही त्यामुळे नियमाने येणारी कामगिरी झाली.

सायनाइडचा वास कडू बदामासारखा असतो असे पुस्तके सांगतात. मात्र अनेक माणसांच्या नाकाला जन्मतःच हा वास कळत नाही, आणि ज्यांना कळतो त्यांनाही तो कळेपर्यंत उशीर होऊ शकतो. शरीरातल्या पेशींना रक्तातला प्राणवायू वापरता येईनासा होतो. काही मिनिटांत शुद्ध जाते. मर्यादित जागी, शिकलेल्या माणसांनी वापरायचे हे साधन होते. जर्मनीतल्या देगेश कंपनीने हा वायू दाण्यांत शोषवून, डब्यांत भरून विकायला काढला, त्या मालाचे नाव झायक्लॉन बी. उवा आणि ढेकूण मारण्यासाठी निघालेला हाच माल नाझींनी छळछावण्यांत माणसांवर वापरला. धुरीच्या इतिहासात याहून काळे पान नाही.

उंदरांपाठोपाठ परदेशी किडीची भीती आली. अमेरिकेतल्या कापसाचे बोंड पोखरणारा भुंगेरा गाठींतून हिंदुस्थानात शिरू नये म्हणून सरकारने १९०६ मध्ये आयात कापसाला धुरी सक्तीची केली. १९१४ मध्ये विध्वंसक कीटक व पीडक कायदा झाला. पुढे अमेरिकी कापूस मुंबई बंदरातच उतरवायचा आणि हायड्रोजन सायनाइडची धुरी देऊनच गिरणीकडे सोडायचा, असा दंडक होता. तो भुंगेरा भारतात आजही स्थायिक झालेला नाही. श्रेय सगळे धुरीला देता येत नाही, पण त्या काळच्या खात्याने चिकाटी दाखवली हे खरे.

स्वातंत्र्यानंतर धान्याचा प्रश्न आला. पीएल-४८० करारान्वये अमेरिकी गहू जहाजे भरभरून येऊ लागला. १९६६ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आले. केंद्रीय वखार महामंडळ आणि महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ ही दोन्ही १९५७ सालची, भारतीय अन्न महामंडळ १९६५ चे. एवढे धान्य महिनोन्महिने साठवायचे तर कीड मारण्याची पद्धत ठरलेली हवी. (वायूने कीड मरते, तणाचे बी मरेलच असे नाही. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास नोंदले गेलेले गाजरगवत लोकांनी याच गव्हाच्या माथी मारले आणि त्याला काँग्रेस गवत म्हटले.) घरगुती साठ्यासाठी इथिलिन डायब्रोमाइड या द्रवाच्या काचेच्या कुप्या निघाल्या. शेतकऱ्याने कुपी कणगीत फोडायची आणि झाकण लिंपून टाकायचे. पुढे हे रसायन प्राण्यांत कर्करोग घडवते असे दिसले. अमेरिकेने १९८३-८४ मध्ये शेती आणि धान्यातला त्याचा वापर थांबवला. भारतात त्यावर पूर्ण बंदी आली ती १७ जुलै २००१ ला. मधली सतरा वर्षे ज्या घरांत कुपी फुटत राहिली, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

गोदीत आणि बंदरात राज्य चालले ते मिथाइल ब्रोमाइडचे. कीड मारण्याचा त्याचा गुण फ्रान्समध्ये १९३२ मध्ये ध्यानात आला. सुमारे ४ अंश सेल्सिअसला उकळणारे हे रसायन सिलिंडरमधून सोडले की लगेच वायू होते. ते हवेपेक्षा तिपटीहून जड, न पेटणारे, लाकडाच्या ओंडक्यातही शिरणारे आणि एका दिवसात काम आटोपणारे. व्यापाऱ्याला एका दिवसाची किंमत कळते, म्हणून हा वायू लाडका झाला. गळती शोधण्यासाठी कामगार एक छोटा दिवा वापरीत. तांब्याच्या पट्टीवरून जाणारी त्याची ज्योत वायू असल्यास हिरवी, जास्त असल्यास निळी होई. दिवा हाताशी नसेल तर मात्र माणसाकडे काहीच नाही, कारण मिथाइल ब्रोमाइडला मारक प्रमाणातही सांगण्यासारखा वास नसतो. म्हणून कित्येक ठिकाणी त्यात डोळ्यांना झोंबणारे क्लोरोपिक्रिन थोडे मिसळतात. नाकाची उणीव डोळ्यातल्या पाण्याने भरून काढायची, अशी ही युक्ती.

मिथाइल ब्रोमाइडचा घात सावकाश असतो. वायू छातीत गेलेला माणूस काम संपवून घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोके दुखणे, मळमळ, अंधारी येणे, जीभ जड होणे सुरू होते. पुढे हातपाय थरथरतात, झटके येतात, फुप्फुसांत पाणी भरते. वाचलेल्यांतही चालण्यातला तोल, नजर, स्वभाव यांत बिघाड महिनोन्महिने राहिल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. दारू प्यायला असेल अशा समजुतीने अशा कामगाराला घरी झोपवणे हा यातला मोठाच धोका. आणखी एक बाब वरवर उलटी वाटते. हातमोजे, घट्ट बूट, अंगठी, घड्याळाचा पट्टा या कामात वर्ज्य असतात. वायू रबर-चामड्यात आणि त्याखाली अडकून राहतो आणि कातडीवर भाजल्यासारखे फोड उठवतो.

आता फॉस्फिन. हाच आजचा सर्वांत मोठ्या वापरातला धुरीवायू. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला हवेतला ओलावा लागला की तो सुटतो. जर्मनीत १९३० च्या दशकात या पद्धतीची सुरुवात झाली. भारतात मुंबईच्या एक्सेल इंडस्ट्रीजने हे रसायन देशातच बनवले आणि सेल्फॉस या नावाने विकले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा एक कारखाना रायगडातच, रोह्याला आहे. सिलिंडर नको, नळ्या नकोत, पंप नको. धान्याला डाग पडत नाही, उगवणशक्ती फारशी घटत नाही, खर्च थोडा. धान्य साठवणाऱ्या देशाला असे औषध हवेच होते.

गोदामातले काम असे चालते. पोत्यांची थप्पी जाड प्लास्टिकच्या कव्हरने झाकतात. कव्हरची जमिनीवर लोळणारी कड वाळू भरलेल्या लांब पिशव्यांनी दाबतात. कामगार त्यांना वाळूचे साप म्हणतात. गोळ्यांचा डबा उघड्या हवेत, तोंडापासून लांब धरून उघडायचा, कारण आत साचलेला वायू क्वचित भडका घेतो. गोळी करड्या रंगाची, ३ ग्रॅमची. तिच्यातून १ ग्रॅम वायू सुटतो. तिच्यात अमोनियम कार्बामेटही असते. त्यातून निघणारा अमोनिया आणि कर्बवायू फॉस्फिनला पेट घेऊ देत नाहीत, शिवाय अमोनिया उग्र वासाने माणसाला सावध करतो. हात कोरडे हवेत, म्हणून कोरडे सुती मोजे. ठरलेल्या जागी गोळ्या ठेवल्या की कव्हर दाबायचे, दाराला कवटीचा फलक लावायचा आणि साधारण आठवडाभर कोणी आत जायचे नाही. गळती पाहायला सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागद कडेने फिरवतात. वायू असला तर तो काळा पडतो. आठवड्याने गोळीच्या जागी पांढुरकी भुकटी उरते. कोकणातल्या पावसाळी हवेत गोळी लवकर फुलते, तेव्हा तिथे गडबड करून चालत नाही, आणि रेंगाळूनही नाही.

कामाच्या जागी हवेत फॉस्फिन दहा लाखांत ०.३ भागांपेक्षा जास्त नसावा, असे कारखाने कायद्याच्या अनुसूचीने ठरवले होते. नाक हे मोजू शकत नाही. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो; लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा जो वास येतो तो त्यातल्या भेसळीचा. धान्याच्या थरांतून जाताना ही भेसळ शोषली जाते आणि वास नाहीसा होतो, वायू राहतो. थोडा वेळ हुंगल्यावर नाकही बधिर होते. शिवाय जिथे दाराबाहेर सुकट आणि बोंबील वाळत पडलेले असतात, तिथे कुजक्या मासळीचा वास आला म्हणून कोण दचकणार?

शरीरात शिरल्यावर फॉस्फिन पेशींतल्या ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेला खीळ घालते. सर्वांत आधी हृदय आणि फुप्फुसे कोलमडतात. मळमळ, पोटात ढवळणे, छातीत दडपण, धाप, रक्तदाब ढासळणे ही लक्षणे सुरुवातीला अन्नविषबाधेसारखी दिसतात. यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. रुग्णालयात श्वास आणि रक्ताभिसरण सावरून धरणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. घरातल्या दोघा-तिघांना एकाच रात्री अशी लक्षणे दिसली आणि आसपास कुठे ढेकणांचे किंवा धान्याचे औषध टाकलेले असेल, तर खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडणे आणि दवाखान्यात औषधाचे नाव सांगणे, हे पहिले काम.

ही वेळ येते, कारण गोदामासाठी निघालेली गोळी घरात शिरली. उंदीर झाले, ढेकूण झाले, तांदळात सोंडे झाले, की दुकानातून गोळी आणायची. शहरात एका घरात ढेकणांसाठी टाकलेल्या गोळ्यांचा वायू भिंतीच्या फटीतून, छतावरून शेजारी गेला आणि झोपलेली माणसे दगावली, अशा बातम्या महाराष्ट्रातल्या शहरांतून अधूनमधून येत राहतात. गोदामाला आठवडाभर कुलूप लावता येते. दोन खोल्यांच्या घराला ते जमत नाही, आणि शेजाऱ्याच्या घराला तर मुळीच नाही. फॉस्फाइड पोटात गेल्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही देशात मोठे होते. १७ जुलै २००१ ला सरकारने ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर पूर्ण बंदी घातली. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड आणि मिथाइल ब्रोमाइड या दोहोंची धुरी सरकारी संस्थांनी किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कीडनियंत्रकांनीच द्यायची, असाही नियम आहे. बंदी कागदावर स्पष्ट आहे. सुटी गोळी विकणाऱ्या दुकानापर्यंत ती पोहोचायला हवी तितकी पोहोचलेली नाही.

कीटकनाशकांवरचा मूळ कायदाही एका जहाजी दुर्घटनेतून आलेला आहे. १९५८ मध्ये केरळात गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे मेली. जहाजात पिठाशेजारी ठेवलेले पॅराथिऑन गळून पोत्यांत मुरले होते. ते धुरीचे औषध नव्हे, फवारणीचे. पण अन्न आणि विष एकाच तळघरात ठेवल्यावर काय होते ते देशाला दिसले. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. डब्यावरचा रंगीत त्रिकोण त्या नियमांतला. लाल त्रिकोण आणि कवटी म्हणजे अतिविषारी. फॉस्फाइडच्या डब्यावर हाच लाल त्रिकोण असतो.

समुद्रावर फॉस्फिनने वेगळीच सोय करून दिली. धान्याच्या जहाजात गोळ्या टाकून तळघराची झाकणे बंद करायची आणि जहाज निघू द्यायचे. प्रवासाच्या दिवसांत कीड मरते, बंदरातला मुक्काम वाचतो. पण तळघर आणि खलाशांच्या खोल्या यांच्यामध्ये वायरींचे, पाइपांचे मार्ग असतात. त्यांतून वायू शिरून खलाशी झोपेत मरण पावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने याविषयी खास शिफारशी काढल्या. कोकणातली किती तरी मुले मालवाहू जहाजांवर नोकरीला जातात. त्यांच्या प्रशिक्षणात हा धडा ठळकपणे असायला हवा.

मिथाइल ब्रोमाइडचा पाडाव मात्र माणसाच्या जिवापायी झाला नाही, तो ओझोनच्या थरापायी झाला. त्यातला ब्रोमीन ओझोनला क्लोरीनपेक्षा कितीतरी पटींनी मारक असल्याने १९९२ मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या यादीत त्याचे नाव गेले. श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवायचा, असे ठरले. कीड-अटकाव आणि निर्यातीपूर्वीची धुरी यांना सूट राहिली. म्हणजे शेतातून तो गेला, बंदरात राहिला. लाकडी खोक्यांसाठी २००२ मध्ये आलेल्या जागतिक मानकाने दोन मार्ग दिले. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचा, नाहीतर मिथाइल ब्रोमाइड द्यायचे. खोक्याच्या फळीवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि शेजारी एचटी किंवा एमबी अशी अक्षरे डागलेली असतात, ती याचीच. एमबी असलेल्या फळ्यांची घरात कपाटे करू नयेत आणि त्या चुलीतही घालू नयेत.

पर्याय निघाले आहेत, पण एकेका जिनसापुरते. जपानला पाठवायच्या आंब्याला पूर्वी इथिलिन डायब्रोमाइडची धुरी देत. आता गरम वाफेची प्रक्रिया करतात. अमेरिकेला जाणारा हापूस २००७ पासून लासलगावच्या केंद्रातून किरणांची मात्रा घेऊन जाऊ लागला. धान्यासाठी हवाबंद पिशव्या आहेत, ज्यांत किडीचा श्वास तिचाच घात करतो. सल्फ्युरिल फ्लोराइड नावाचा वायू आला, तर तो हवामान तापवण्यात कर्बवायूच्या हजारो पट पुढे निघाला. फॉस्फिनही निर्धोकपणे चिरकाल चालेल असे नाही. १९७० च्या दशकातच त्याला दाद न देणारी कीड जगभरच्या पाहणीत सापडली होती. कव्हर नीट दाबलेले नसेल तर अर्धवट वायू मिळालेली कीड मरत नाही, उलट निबर होते.

आगरदांडा-दिघीचा धक्का आता जुन्या गलबतांचा राहिलेला नाही. खाडीच्या दोन्ही काठांवरचे दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांना घेतले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांत दिघीचे नाव आहे. माल वाढेल तसे कंटेनर वाढतील, गोदामे वाढतील, आणि कंटेनर उघडणारे हात आसपासच्या गावांतलेच असतील. युरोपातल्या बंदरांवर झालेल्या पाहण्यांत धुरीचा फलक नसलेल्या कंटेनरांतही हे वायू सापडले आहेत. कंटेनरचे दार उघडण्याआधी आतली हवा यंत्राने मोजावी, मग दार उघडे टाकून वारा खेळू द्यावा आणि पुन्हा मोजावे. दारावर फलक असो वा नसो.